मराठी वाचकाच्या फोनवर फायरफॉक्स: एका ग्रंथपालाचं परीक्षण

परीक्षण कशाचं ते आधी सांगते. अँड्रॉइड फोनवरचा फायरफॉक्स ब्राउझर, त्यात बसवलेलं, जाहिराती अडवणारं ‘यूब्लॉक ओरिजिन’ हे एक्स्टेन्शन (म्हणजे ब्राउझरला वरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम) आणि ब्राउझरमध्येच असलेला, नुसता मजकूर दाखवणारा ‘रीडर व्ह्यू’. तिन्ही फुकट मिळतात आणि तिन्ही मी एकत्र वापरते, म्हणून तिघांबद्दल एकत्रच लिहिते. मी वाई तालुक्यातल्या एका छोट्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. सकाळी वर्तमानपत्रं चाळायला येणारे आमचे बरेच सभासद आता घरीही फोनवर बातम्या वाचतात, आणि वाचता येईनाशा झाल्या की फोन घेऊन माझ्या टेबलापाशी येतात. त्यामुळे ब्राउझर किती सेकंदांत उघडतो, किती मेमरी खातो, ही मोजमापं इथे सापडणार नाहीत. मराठी मजकूर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत कुणी मध्ये न येता वाचता येतो का, एवढ्या एकाच कसोटीवर मी हा ब्राउझर तपासला आहे.

ही कसोटी का, ते आजचं मराठी बातम्यांचं एखादं पान साध्या फोनवर उघडून पाहिलं की कळतं. शीर्षक दिसतं. त्याखालचा फोटो दिसेपर्यंत वरून एक पट्टी घसरत येते: ‘ताज्या बातम्यांच्या सूचना हव्यात का?’ ती बाजूला सारावी तर खालून व्हिडिओचा चौकोन उगवतो आणि आपोआप बोलायला लागतो. पहिला परिच्छेद दोन ओळींचा, मग जाहिरात, मग ‘हेही वाचा’, मग पुन्हा जाहिरात. दुसरा परिच्छेद पहिल्याचंच वाक्य फिरवून सांगतो. आपण वाचत असताना वरची एखादी जाहिरात उशिरा अवतरते, सगळा मजकूर खाली ढकलला जातो, आणि ज्या ओळीवर बोट होतं तिथे आता कर्जाची जाहिरात असते. बोट तिच्यावर पडतं. मागे यायला बाणाचं बटण दाबलं तर आधीच्या पानावर न नेता ‘तुमच्यासाठी आणखी बातम्या’ असं तिसरंच पान उघडतं.

आमचे एक सभासद, निवृत्त कंडक्टर, मागच्या पावसाळ्यात फोन घेऊन आले. म्हणाले, “ताई, फोन बिघडलाय बघा. बातमी लावली की सोन्याचा भाव येतो, तो काढला की राशिभविष्य येतं. पोरगं म्हणतं नवीन फोन घ्या.” मी म्हटलं, “काका, फोन चांगलाय. पानंच तशी आहेत.” त्यांना ते पटायला वेळ लागला. आयुष्यभर कागदावरचा पेपर वाचलेल्या माणसाला असं वाटणारच, की छापलेली गोष्ट वाचता येत नसेल तर दोष एकतर डोळ्यांचा, नाहीतर यंत्राचा. पान मुद्दाम असं रचलेलं असेल हे त्याच्या मनातही येत नाही. मला या सगळ्याचा राग येतो तो इथे.

पूर्वी सगळं छान होतं असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आणलं, तेव्हा मराठी वाचकाच्या वाट्याला फारसं काही आलं नाही. मी सायबर कॅफेत जायला लागले ते त्यानंतर काही वर्षांनी, साताऱ्यात, तासाला साठ रुपये मोजून. तेव्हा मराठी पान उघडलं की हटकून इंग्रजी अक्षरांचा, कंसांचा आणि उद्गारचिन्हांचा कचरा दिसायचा. प्रत्येक दैनिकाचा फाँट निराळा. ‘क’च्या जागी एक रोमन अक्षर, ‘ख’च्या जागी दुसरं चिन्ह, आणि वरून मराठी आकाराचा मुखवटा चढवलेला. तो फाँट संगणकावर नसेल तर मुखवटा गळून पडे. काही वर्तमानपत्रांनी पानाबरोबर आपोआप उतरणारे फाँट वापरून पाहिले, पण ते इंटरनेट एक्सप्लोररमध्येच धड चालत. आणि एवढं करून दिसलेलं मराठी शोधता येत नसे, कारण संगणकाच्या लेखी ते मराठी नव्हतंच. ‘कृष्णा’ शोधलं तर कृष्णा सापडणार कशी?

प्रत्येक लिपीतल्या अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच क्रमांक ठरवून देणाऱ्या युनिकोडने हे मिटवलं, पण तेही सुखासुखी नाही. विंडोज एक्सपीवर मराठी नीट दिसायला कंट्रोल पॅनेलमध्ये शिरून जटिल लिप्यांसाठीच्या चौकोनात खूण करावी लागे, आणि खूण केली की संगणक विंडोजची सीडी मागे. सीडी कुणाकडे असायची? ती नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसायची आणि जोडाक्षरं हलन्त पाय दाखवत सुटी सुटी उभी राहायची. याच काळात, ९ नोव्हेंबर २००४ रोजी, फायरफॉक्सची पहिली पूर्ण आवृत्ती आली. तेव्हा सगळीकडे इंटरनेट एक्सप्लोरर ६ होता, २००१ सालचा, आणि त्याच्या सुधारणेकडे कुणी फारसं लक्ष देत नव्हतं. फायरफॉक्समध्ये एकाच खिडकीत टॅब होते आणि आगंतुक पॉप-अप खिडक्या अडवण्याची सोय होती. कॅफेतला मुलगा त्याला ‘कोल्हा’ म्हणायचा. मराठी वाचकाला त्याचा आणखी एक उपयोग होता. ‘पद्म’ नावाचं एक एक्स्टेन्शन त्यात बसायचं, आणि ते निरनिराळ्या फाँटांमधला भारतीय भाषांचा मजकूर वाचता वाचता युनिकोडमध्ये बदलून दाखवायचं. माझ्यासाठी ती मोठी घटना होती. पान बनवणाऱ्याने जे केलं नाही ते वाचणाऱ्याच्या बाजूने ब्राउझर करू शकतो, हे मला तिथे पहिल्यांदा दिसलं.

मग काही वर्षं खरोखर चांगली गेली. मायबोली हे मराठी संकेतस्थळ तर १९९६पासून होतंच, मराठी विकिपीडिया २००३मध्ये सुरू झाला होता, आणि युनिकोड रुळल्यावर माणसं भराभर लिहू लागली. अमेरिकेतली बाई तिथल्या हिवाळ्याबद्दल लिहायची, कोकणातला शिक्षक गड-किल्ल्यांबद्दल, कुणी आजीच्या हातच्या घावनांबद्दल. पान उघडलं की मजकूर असायचा आणि मजकूर संपला की पानही संपायचं. निळ्या लिंका वाचून झाल्या की जांभळ्या व्हायच्या, त्यामुळे आपलं काय वाचून झालं आणि काय राहिलं ते नुसत्या नजरेने कळायचं. आज बहुतेक ठिकाणी लिंकांचा हा रंग पुसून टाकलेला आहे आणि पानाला तळही उरलेला नाही. बोट वर सरकवत राहा, खालून नवीन बातमी येतच राहते. किती वाचलं याचा हिशेब वाचकाकडे राहत नाही. ग्रंथपाल म्हणून मला हे फार महत्त्वाचं वाटतं. ‘माझं वाचून झालं’ असं म्हणता येणं हे वाचनाचं अर्धं सुख आहे.

इंग्रजी वाचकाला ते चांगले दिवस नव्वदीपासून मिळाले. मराठी वाचकाच्या वाट्याला ते आले फाँटाचा गोंधळ सरल्यापासून स्मार्टफोन घरोघर पोचेपर्यंत, म्हणजे जेमतेम दहाएक वर्षं. आमच्या तालुक्यातल्या बहुतेकांना तर तेवढेही नाहीत. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ सुरू झालं, डेटा स्वस्त झाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा इंटरनेट पाहणाऱ्या लाखो मराठी माणसांनी पाहिलं ते थेट हे व्हिडिओ उगवणारं, सूचना मागणारं पान. निवृत्त कंडक्टरकाकांना दुसरं काही माहीतच नाही. म्हणून हे परीक्षण लिहिण्याची मला निकड वाटली.

आता ब्राउझरकडे. प्ले स्टोअरवरून फायरफॉक्स उतरवायचा. मेनूत एक्स्टेन्शनचा विभाग आहे, तिथल्या यादीत यूब्लॉक ओरिजिन सापडतं, त्यापुढचं अधिकचं चिन्ह दाबलं की काम झालं. नावात ‘ओरिजिन’ आहे याची खात्री करून घ्या, कारण नुसत्या ‘यूब्लॉक’ नावाचं दुसरंही एक आहे आणि ते हे नव्हे. रेमंड हिल नावाच्या प्रोग्रॅमरने २०१४मध्ये हे सुरू केलं. तो यासाठी देणगीदेखील घेत नाही, आणि पैसे घेऊन काही जाहिरातींना वाट मोकळी करून देण्याचा प्रकारही त्यात नाही. क्रोममध्ये फोनवर अशी एक्स्टेन्शन बसतच नाहीत. संगणकावर बसत होती, पण गूगलने एक्स्टेन्शनचे नियम बदलले आणि २०२४पासून क्रोममधून मूळ यूब्लॉक ओरिजिन हळूहळू बंद होत गेलं. आता तिथे त्याची ‘लाइट’ आवृत्ती चालते. फायरफॉक्सनेही २०२०मध्ये अँड्रॉइडवरची आवृत्ती नव्याने बांधताना एक्स्टेन्शनची यादी मोजक्या नावांवर आणली होती, ती डिसेंबर २०२३मध्ये सगळ्यांना खुली केली. यूब्लॉक ओरिजिन मात्र त्या छोट्या यादीतही होतं.

हे बसवल्यावर तेच बातमीचं पान उघडून पाहा. फरक सांगावा लागत नाही. व्हिडिओचा चौकोन जातो, कर्ज आणि सोनं जातं, मजकूर जागचा हलत नाही. मेनूत यूब्लॉकच्या नावाशेजारी त्या पानावर किती गोष्टी अडवल्या त्याचा आकडा दिसतो. मराठी बातम्यांच्या पानावर तो बघता बघता पन्नासच्या पुढे गेलेला मी पाहिला आहे. यातल्या सगळ्या काही जाहिराती नसतात. आपण कोण, कुठून आलो, किती वेळ थांबलो, हे कुठल्या कुठल्या कंपन्यांना कळवणारे छोटे प्रोग्रॅमही त्यात असतात. ते आलेच नाहीत की डेटा वाचतो आणि स्वस्तातला जुना फोनसुद्धा गरम न होता चालतो. आजच्या साधारण पानाचं वजन दोन एमबीच्या वर जातं. जुन्या डायल-अप मोडेमवर, सेकंदाला पाच केबी या वेगाने, ते उतरायला सहा-सात मिनिटं लागली असती, आणि त्यातला वाचायचा मजकूर असतो काही केबींचा.

मला यूब्लॉकपेक्षाही प्रिय आहे रीडर व्ह्यू. लेख उघडला की पत्त्याच्या पट्टीत पानासारखं एक छोटं चिन्ह येतं. ते दाबलं की पानावरचं बाकी सगळं गळून शीर्षक, लेखक, मजकूर आणि मजकुरातली चित्रं एवढंच उरतं. अक्षर मोठं करता येतं, पार्श्वभूमी पांढरी, काळी किंवा मातकट पिवळी ठेवता येते. देवनागरीला मोठ्या अक्षराची गरज रोमनपेक्षा जास्त असते. ‘द्ध’ की ‘ध्द’, ‘ष्ठ’ की ‘ष्ट’, अनुस्वार आहे की नाही, रफार कुणाच्या डोक्यावर आहे, हे बारीक अक्षरात साठीच्या पुढच्या डोळ्यांना दिसत नाही. बातम्यांच्या पानांवर दोन बोटांनी अक्षर ताणून मोठं केलं तर ओळ पडद्याबाहेर जाते आणि प्रत्येक ओळीला पान डावी-उजवीकडे ओढावं लागतं. रीडर व्ह्यूमध्ये ओळ पडद्यात मावून मोडते. एकदा लावलेली मापं पुढच्या लेखालाही लागू राहतात, पुन्हा पुन्हा सांगावी लागत नाहीत. मराठी विश्वकोशातल्या लांबलचक नोंदी मी अशाच वाचते. विश्वकोशाच्या संकेतस्थळावर जाहिराती नाहीत, पण फोनवर लांब नोंद वाचायची तर अक्षर आणि ओळ आपल्या हातात असलेली बरी.

वाचनालयातल्या संगणकावरही फायरफॉक्सच आहे. तिथे एफ ९ ही कळ दाबली की रीडर व्ह्यू उघडतो. स्पर्धा परीक्षेची मुलं आता ती आपसूक दाबतात. संगणकावर लेख वाचायला अंदाजे किती मिनिटं लागतील तेही वर लिहून येतं.

उणिवा आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. रीडर व्ह्यूचं चिन्ह प्रत्येक पानावर येत नाही. पान कसं बांधलंय यावर ते ठरतं, आणि मुखपृष्ठांवर किंवा याद्यांच्या पानांवर ते नसतंच. दर दोन परिच्छेदांनंतर घुसवलेलं ‘हेही वाचा’ मजकुराचाच भाग म्हणून लिहिलेलं असतं, त्यामुळे ते रीडर व्ह्यूमध्येही उरतं. यूब्लॉकमध्ये नको तो भाग बोटाने निवडून कायमचा लपवण्याची सोय आहे, पण फोनच्या छोट्या पडद्यावर नेमका तोच भाग पकडणं नाजूक काम आहे. ते मी सभासदांना स्वतः करून देते. कुकीजच्या विचारणा आणि इतर कटकटींसाठी यूब्लॉकच्या सेटिंगमध्ये वेगळ्या याद्या आहेत, त्या आपणहून सुरू कराव्या लागतात.

काही संकेतस्थळं फायरफॉक्समध्ये नीट चालत नाहीत. आमच्या वाचनालयाचं खातं आहे त्या बँकेच्या पानावर पैसे पाठवताना शेवटचं बटण दाबलं की काहीच घडत नाही, आणि फोन केला तर ‘क्रोम वापरा’ एवढंच उत्तर मिळतं. यामागे कारण आहे. २००९-१०च्या सुमारास जगातल्या जवळपास तिसऱ्या हिश्शाच्या संगणकांवर फायरफॉक्स होता. आज सगळी उपकरणं धरली तर तो मोजक्या टक्क्यांवर आला आहे, आणि पानं बनवणारे लोक त्यात तपासून बघण्याची तसदी घेत नाहीत. पंधरा-वीस वर्षांपूर्वी सरकारी पानांच्या तळाशी ‘इंटरनेट एक्सप्लोररमध्ये सर्वोत्तम दिसेल’ असं लिहिलेलं असायचं. नाव बदललं, पद्धत तीच. म्हणून मी कुणालाही क्रोम काढून टाकायला सांगत नाही. बँकेसाठी तो राहू द्या.

फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिला या संस्थेबद्दलही थोडं सांगायला हवं. तिचं उत्पन्न मुख्यतः गूगलकडून येतं, फायरफॉक्समध्ये शोधासाठी गूगल आधीपासून लावलेलं असतं त्याच्या बदल्यात. फेब्रुवारी २०२५मध्ये मोझिलाने फायरफॉक्सच्या वापराच्या अटी नव्याने लिहिल्या, तेव्हा ‘तुमची माहिती आम्ही कधीही विकणार नाही’ या अर्थाचं जुनं आश्वासन काढलं गेलं. बरीच ओरड झाली आणि अटींची भाषा पुन्हा बदलावी लागली. मला ते अजिबात आवडलं नाही. ज्या एका गोष्टीसाठी लोक तुमच्याकडे येतात तिच्याबद्दलचा शब्द इतका सैल करू नये. तरीही आजच्या घडीला अँड्रॉइडवर मोठ्या ब्राउझरांपैकी मूळ यूब्लॉक ओरिजिन आणि इतका साधा रीडर व्ह्यू एकत्र देणारा दुसरा मला दिसत नाही, आणि म्हणून मी हाच सुचवते.

आयफोनवाल्यांनी यासाठी फायरफॉक्स घेऊ नये. अ‍ॅपलच्या नियमांमुळे तिथल्या फायरफॉक्समध्ये एक्स्टेन्शन बसत नाहीत. सफारीमध्ये स्वतःचा रीडर आहे आणि तो चांगला आहे.

बसवताना एक गोष्ट विसरू नका. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन फायरफॉक्स हा नेहमीचा ब्राउझर म्हणून लावा. आमच्याकडे बातम्या येतात त्या बहुतेक व्हॉट्सअ‍ॅपवरच्या लिंकांतून, आणि नेहमीचा ब्राउझर बदलला नाही तर त्या जुन्याच ठिकाणी उघडत राहतात. फेसबुकवरच्या लिंका फेसबुकच्या आतल्या खिडकीत उघडतात, तिथे यूब्लॉकचं काही चालत नाही. त्या खिडकीच्या मेनूतून ‘ब्राउझरमध्ये उघडा’ निवडावं लागतं. आणि जुन्या ब्राउझरमध्ये पूर्वी ‘हो’ म्हणून दिलेल्या सूचनांच्या परवानग्या एकेक करून बंद करा. कंडक्टरकाकांच्या फोनमध्ये राशिभविष्याची आणि कर्जाची मोठी रांग निघाली. ती बंद केल्यावर त्यांचा फोन दिवसभर सारखा वाजायचा थांबला.

राहिला पैशांचा प्रश्न, आणि तो आमच्या एका तरुण सभासदाने मला रोखठोक विचारला: “मॅडम, सगळ्यांनीच जाहिराती अडवल्या तर पेपर चालायचा कसा?” प्रश्न योग्य आहे. वाचनालय वर्तमानपत्रांची बिलं भरतं, त्यामुळे बातमी गोळा करायला पैसे लागतात हे मला चांगलं ठाऊक आहे. मी स्वतः असं करते: ज्या ठिकाणी जाहिरात आपल्या चौकोनात शांत बसते, मजकूर हलवत नाही, आवाज करत नाही, तिथे मी यूब्लॉक बंद ठेवते. यूब्लॉकच्या खिडकीतलं मोठं बटण दाबलं की तेवढ्या संकेतस्थळापुरतं ते बंद राहतं आणि ब्राउझर ते लक्षात ठेवतो. दोन मराठी नियतकालिकांची डिजिटल वर्गणी मी माझ्या पगारातून भरते. जी पानं वाचकाचं बोट चुकावं म्हणूनच रचली आहेत, त्यांना मी एक पैसाही मिळू देत नाही.

ज्यांना हे स्वतः बसवायला जमत नसेल त्यांनी आपल्या गावातल्या वाचनालयात विचारावं. पाचेक मिनिटांचं काम आहे, आणि फोनवर वायफाय असेल तर डेटाही जात नाही. आमच्याकडे बुधवारी दुपारी वर्दळ कमी असते. सभासद असा किंवा नसा, फोन चार्ज करून घेऊन या.